ॲसिटिलकोलीन म्हणजे शब्दशः आम्लपित्त

विचारणा अशी आहे: ‘आरोग्यविषयक लेखांत ॲसिटिलकोलिनाला “स्मृतिसंप्रेरक” म्हटलेलं वाचलं. हा शब्द बरोबर आहे का? आणि त्यातल्या कोलिनाचा कोलेस्टेरॉलशी काही संबंध आहे का?’

शब्द चूक आहे, आणि दोन्ही बाजूंनी चूक आहे. संप्रेरक ग्रंथीतून रक्तात उतरतं आणि रक्तावाटे लांबच्या अवयवापर्यंत जातं. ॲसिटिलकोलीन चेतापेशीच्या टोकाशी सुटतं, मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट ओलांडून पुढच्या पेशीला भिडतं, आणि काही मिलिसेकंदांत कोलिनेस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करून टाकतं. रक्तात सांडलंच, तर तिथलं विकरही त्याला जगू देत नाही. असल्या क्षणभंगुर पदार्थाला संप्रेरक कसं म्हणणार? ‘चेतापारेषक’ (न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे एका चेतापेशीचा निरोप पुढच्या पेशीला देणारा) हा चांगला शब्द तयार आहे, तो वापरावा. (ॲड्रेनॅलीन दोन्ही कामं करतं, म्हणून त्याला दोन्ही बिरुदं शोभतात. ‘डोपामिन हे आनंदाचं संप्रेरक’ म्हणणाऱ्यांचा समाचार पुन्हा कधीतरी.)

‘स्मृती’ हे पदही अपुरं आहे. लाळ सुटते, नाडी मंदावते, बोट वाकतं, ते याच्याच जोरावर. औषधशास्त्रज्ञ ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये ते चेतेचा निरोप पोचवताना पहिल्यांदा पकडलं ते बेडकाच्या हृदयात, मेंदूत नव्हे. एका हृदयाची व्हॅगस चेता (मेंदूकडून हृदयाकडे येणारी नस) उद्दीपित केली, त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला आणि तेही मंदावलं.

आता खरी गंमत. ‘ॲसिटील’ आलं लॅटिन ‘ॲसेटम’वरून. ॲसेटम म्हणजे शिरका, आंबट. ‘कोलीन’ आलं ग्रीक ‘खोले’वरून, म्हणजे पित्त. जर्मन रसायनज्ञ श्ट्रेकर यांना हा पदार्थ प्राण्यांच्या पित्तात सापडला आणि १८६२ मध्ये त्यांनी त्याला हे नाव दिलं. म्हणजे ॲसिटिलकोलिनाचा शब्दशः अर्थ आम्लपित्त! बुद्धीचं द्रव्य म्हणून मिरवणाऱ्या या नावात जेवणानंतरचे करपट ढेकर दडलेले आहेत.

इथेच थांबू नका. ‘खोले’चं मूळ जुन्या भारोपीय भाषेतल्या ‘पिवळा, हिरवा’ या अर्थाच्या धातूत आहे. ग्रीकमधल्या ‘ख’च्या जागी संस्कृतात ‘ह’ येतो. ग्रीक ‘खिओन’ म्हणजे बर्फ, आणि आपलं हिम, हे त्याचं सोपं उदाहरण. र-ल यांची अदलाबदल तर नेहमीचीच. त्याच धातूतून संस्कृतात हरि, हरित, हिरण्य आले, आणि ‘हरि’वरून हरिद्रा, हरिद्रेची हळद. म्हणजे कोलीन आणि हळद ही दूरची भावंडं. इंग्रजीतली पित्त आणि सोनं या अर्थांची ‘गॉल’ आणि ‘गोल्ड’ याच कुळातली. ज्यात कोलीन भरपूर असतं त्या लेसिथिनाचं (बलकातल्या एका स्निग्ध पदार्थाचं) नावही पिवळ्याशीच येऊन मिळतं, कारण ‘लेकिथोस’ म्हणजे अंड्यातला बलक. अर्थात त्या शब्दाचा धातू वेगळा आहे, हेही सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कुणी माझ्याच नावावर ते खपवेल. कोलिनाला ‘कुलीन’मधून काढणारे संस्कृताभिमानी आहेत. त्यांनी १८६२ मधली डुकराची पित्ताशयं एकदा डोळ्यांसमोर आणावीत. ‘कॉलरा’ पित्तातून आला की पन्हळ या अर्थाच्या शब्दातून, हा वाद मात्र खराखुरा आहे. मी पित्ताच्या बाजूचा.

कोलेस्टेरॉलचं ‘कोले’ही हेच. पित्ताशयाच्या खड्यांत सापडलं म्हणून ‘पित्त’ अधिक ‘घट्ट’. पण नातं नावापुरतंच, रसायन म्हणून दोघांचा संबंध नाही. हा गोंधळ निरुपद्रवी नाही. औषधाच्या चिठ्ठीवरचं ‘अँटिकोलिनर्जिक’ हे ‘कोलेस्टेरॉलविरोधी’ असं वाचणारे भेटतात. ‘कोलिनर्जिक’ हा शब्द ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी १९३३ मध्ये घडवला. कोलीन अधिक ‘एर्गॉन’, म्हणजे काम. अँटिकोलिनर्जिक औषध ॲसिटिलकोलिनाच्या कामात आडवं येतं. नमुना हवा असेल तर धोतऱ्याची विषबाधा पाहा: तोंड कोरडं, बाहुल्या विस्फारलेल्या, लघवी अडलेली, माणूस बरळतोय.

याच्या उलट चित्र ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या विषबाधेत दिसतं. ही विषं ॲसिटिलकोलिनाचे तुकडे करणारं ते विकरच बंद पाडतात. मग ॲसिटिलकोलीन साचतं: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, लाळ आणि घाम वाहतात, छाती स्रावांनी भरून घुरघुरते, स्नायू फडफडतात आणि मग लुळे पडतात. डॉक्टर ॲट्रोपीन हे अँटिकोलिनर्जिक औषध शिरेतून देतात आणि गरजेप्रमाणे दर ५ मिनिटांनी मात्रा दुप्पट करतात, ती छाती मोकळी होईपर्यंत. नुसत्या बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबत नाहीत. ॲसिटिलकोलीन पेशीवरच्या ज्या ग्राहींना (रिसेप्टरांना) भिडतं त्यांचे दोन प्रकार, मस्करिनिक आणि निकोटिनिक. ॲट्रोपीन फक्त मस्करिनिक ग्राहींना अडवतं. स्नायूंवरचे ग्राही निकोटिनिक, त्यांना ते शिवत नाही. म्हणून छाती साफ झाली तरी श्वासाचे स्नायू दगा देऊ शकतात आणि व्हेंटिलेटर लागतो.

अल्झायमरमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या मायनर्टच्या केंद्रकातल्या (चेतापेशींच्या एका पुंजक्यातल्या) पेशी झडतात आणि मेंदूच्या बाह्यकाला (बाहेरच्या थराला) मिळणारं ॲसिटिलकोलीन आटतं. बाह्यकातली ही तूट १९७६ पासून माहीत आहे. डोनेपेझिल हे अल्झायमरवरचं औषध कीटकनाशकासारखंच त्या विकराला अडवतं, पण मर्यादेत आणि परत सुटेल असं. ५ मिलिग्रॅमने सुरुवात, चार-सहा आठवड्यांनी बहुधा १०. मळमळ आणि मंद नाडी हे त्याचे ठरलेले त्रास. आजार थांबत नाही, काही काळ काम थोडं बरं चालतं. लेसिथिन खाऊ घालूनही पाहिलं, अल्झायमरच्या रुग्णांना त्याचा उपयोग दिसला नाही.

चिठ्ठीवर नेमकं काय बघायचं, तर हे: डोनेपेझिलने कधी लघवीची घाई होते, मग ती आवरायला ऑक्सिब्युटिनिन सुरू होतं, आणि ते असतं अँटिकोलिनर्जिक. एक औषध ॲसिटिलकोलीन वाढवतं, दुसरं त्याचीच वाट अडवतं, आणि विसरभोळेपणा वाढला की दोष आजाराला दिला जातो. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिनही त्याच माळेतलं. घरातल्या वृद्धांची चिठ्ठी दाखवताना डॉक्टरांना सरळ विचारा, ‘यातलं अँटिकोलिनर्जिक कोणतं?’