पहिलं पॉवर मॉड्यूल करताय? आधी करंटचा लूप बघा

चिप निवडण्यात महिना घालवू नका. डीसी लिंक कपॅसिटरपासून (डीसी पुरवठ्यावरचा, ऊर्जा साठवणारा कपॅसिटर) चिपपर्यंत आणि परत, अशी करंटची वाट, म्हणजेच लूप, कागदावर काढा. जाणारी आणि परतणारी पट्टी एकमेकींवर आणा. या वाटेचा 20 नॅनोहेन्री इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) किरकोळ वाटतो, पण करंट नॅनोसेकंदाला 5 अँपिअरने तुटला की 100 व्होल्ट जादा उसळतात. माझे पहिले दोन आयजीबीटी (मोठा करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) असेच उडाले.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- डेटाशीटवरचा करंट कोणत्या केस तापमानाला (बाहेरच्या आवरणाच्या तापमानाला) दिलाय, ते न वाचणं.
- थर्मल पेस्ट (हीटसिंककडे उष्णता नेणारी) लोण्यासारखी थापणं. पातळ थर पुरे.
- गेटची (चिप चालू-बंद करणाऱ्या टोकाची) परतीची वायर पॉवरच्या वाटेत घुसवणं. ती केल्व्हिन एमिटरलाच (फक्त गेटसाठी एमिटरवरून काढलेल्या वेगळ्या पिनला) जोडा.

सिलिकॉन कार्बाइडच्या चिपचं नंतर बघू. आधी कमी व्होल्टेजला डबल पल्स टेस्ट (गेटला लागोपाठ दोन पल्स देऊन चालू-बंद होणं तपासणं) करा आणि वेव्हफॉर्म दाखवा.