भंगारातल्या लोखंडापासून घरच्यांसाठी काही उपयोगी वस्तू बनवली आहे का? कशी बनवली?

हो, आईसाठी उभ्याने वापरायचा आडाळो बनवला. आडाळो म्हणजे आमच्या मालवणकडची विळी, टोकाला नारळ खवायची दातेरी खवणी असते, बांगडे कापण्यापासून खोबरं खवण्यापर्यंत सगळं त्याच्यावरच. पण तो जमिनीवर ठेवून वर बसून वापरायचा, आणि आईचे गुडघे काही वर्षांपासून दुखतायत. जुलैमध्ये एक दिवस ती म्हणाली, "माका आता आडाळ्यार बसाक जमणा नाय." मिक्सरचं खोबरं तिला चालत नाही, चव जाते म्हणते, मोदकाचं सारण पण चिकट होतं. गणपती महिना-दीड महिन्यावर आले होते, म्हटलं ओट्याला अडकवता येईल असा आडाळो करूया.

पहिलं पातं मी चुकीच्या लोखंडाचं केलं. घरी जुन्या गेटची पट्टी पडली होती, तीच कापली, धार लावली, छान दिसत होतं. आठ दिवसांत धार वळली. साध्या लोखंडात कार्बन फार कमी असतो, त्यामुळे ते तापवून बुडवलं तरी कडक होत नाही, कितीही घासा. हे आधी कळायला हवं होतं म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगतो, भंगारात हात घालताना ग्राइंडर लावून ठिणग्या बघा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, कार्बनवाल्या पोलादाच्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात. गाडीच्या कमानीचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचा, पाटा लावला की फरक लगेच दिसतो.

मग कसालला हायवेवरच्या एका गॅरेजमधून जीपचा तुटलेला पाटा आणला आणि गावातल्या लोहारमामांकडे गेलो, कारण पाटा चांगला जाड असतो आणि तो ठोकून पातळ करणं माझ्या हातचं काम नाही. भात्यावर लाल करून त्यांनी पातं ओढलं, वळण दिलं, टोक चपटं गोल केलं. दाते मी तीनधारी कानशीने पाडले, तेही पाणी पाजायच्या, म्हणजे तापवून बुडवून कडक करायच्या, आधी, नंतर कानस चालत नाही. पाणी पाजायचं म्हणतात पण मामांनी पाण्यात बुडवू दिलं नाही, या पोलादाला पाण्यात तडा जातो, तेलातच बुडवायचं. किती तापवायचं ते चुंबकाने कळतं, चुंबक चिकटायचं बंद झालं की थोडं अजून तापवून थेट तेलात. तेल आम्ही वापरलेलं खाण्याचंच घेतलं, गाडीचं जळकं ऑइल जेवणाच्या हत्याराला नको. बुडवल्यावर पातं काचेसारखं ठिसूळ होतं, ते तसंच वापरलं तर तुकडा उडेल. म्हणून घासून चकचकीत करून पाठीकडून हळूहळू पुन्हा तापवलं, धारेवर गवतासारखा पिवळा रंग आला की बस, निळा व्हायला लागला तर धार मऊ पडते.

खाली जुन्या अँगलचा तुकडा, त्याला नट वेल्ड करून बारा एमएमचा बोल्ट, म्हणजे ओट्याच्या कडेला शिकंज्यासारखा आवळतो. बोल्टच्या टोकाला आणि अँगलच्या आत सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले, नाहीतर कडप्प्याची कड उडते. बैठक आठ इंच लांब ठेवा, खवताना जोर खाली आणि पुढे जातो, आखूड असेल तर डुगडुगतं.

उंचीत मी पुन्हा चुकलो. जमिनीवरच्या आडाळ्याचं माप घेतलं, तर खवताना आईचा खांदा नुसता वर चढत होता, दोन नारळांत हात भरून आला तिचा. मग तिला ओट्याजवळ उभं करून ओट्यापासून कोपरापर्यंत माप घेतलं, साडेपाच इंच भरलं, तेवढंच ठेवलं. त्यामुळे खाली परात मावत नाही, ताट मावतं, तिला ते चालतं. तुम्ही घरच्यांसाठी काहीही करत असाल तर आधी त्या माणसाला उभं करून माप घ्या, मग लोखंड कापा.

गंजाचं म्हणाल तर आमच्याकडे खाऱ्या हवेत आणि पावसात रात्रीत तांब चढते, कैरी कापली की पातं काळं पडतं. आई धुऊन पुसून रोज बोटभर खोबरेल फिरवते, अजून तरी चांगलं आहे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिने बारा नारळ उभ्याने खवले, मधे एकदाच खुर्चीत बसली. काम झालं की पात्यावर पाण्याच्या पाइपचा उभा चिरलेला तुकडा चढवतो, कारण माझ्या भाच्याचं डोकं बरोबर ओट्याच्या उंचीला येतं.