तीन डॉक्टर, तीन नावं

या महिन्याच्या टपालात मनाच्या आजारांच्या गोळ्यांवरचेच प्रश्न जास्त आले. चार निवडले. पहिल्यानेच निम्म्याहून जास्त जागा खाल्ली, बाकीच्यांनी रागावू नये. कोणाची ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. माझा धाकटा भाऊ 26 वर्षांचा आहे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना एकदम गप्प झाला. जेवण नाही, कॉलेज नाही, खळ्यातल्या खाटेवर पडून राहायचा. डॉक्टरांनी डिप्रेशन लिहिलं, गोळ्या दिल्या. महिना-दीड महिन्यात असा उठला की आम्हाला वाटलं, सुटलो. मग रात्री दोनला उठून ठिबकच्या नळ्या बदलायला लागला, केळी वेफर्सचा कारखाना टाकतो म्हणून व्यापाऱ्याकडून उचल घेतली, आणि शेवटी ‘माझंच बोलणं टीव्हीवर दाखवू राह्यले’ म्हणायला लागला. मोठ्या शहरात ॲडमिट केलं, तिथे ‘सायकोसिस’ लिहून दिलं. आता तिसरे डॉक्टर बायपोलर म्हणतात, लिथियम सुरू केलंय. आप्पा म्हणतात, ‘डॉक्टरांनाच माहीत नाही, सगळं अंदाजपंचे.’ पाहुणे सांगतात, लिथियमने किडनी जाते. त्यात उन्हाळा, आणि तो शेतात काम करतो. खरा आजार कोणता? गोळी किती दिवस?
– एक भाऊ, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, आप्पांचा राग मला कळतो. पण तिन्ही डॉक्टरांनी आपापल्या वेळी समोर दिसलं तेच लिहिलं.

पहिल्यांदा तो आला तेव्हा फक्त उदासी होती. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेली उदासी, झोप-भूक गेलेली, कशात रस नाही, याला डिप्रेशनच म्हणतात. बायपोलर म्हणजे तेजी-मंदीचा आजार, कधी मन चढतं, कधी उतरतं; त्याची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. तेजीचा झटका येईपर्यंत दोन्हींत फरक करणं अवघड असतं आणि खरं नाव लागायला कित्येक वर्षं जातात. एक प्रश्न मात्र त्या पहिल्या भेटीत विचारायलाच हवा: ‘याच्या आधी कधी असे दिवस होते का, की झोप नाही तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातोय?’ हे रुग्णाला विचारून भागत नाही. त्याला ते दिवस छानच वाटलेले असतात. घरच्यांना विचारावं लागतं, आणि आजोबा-मामांत कोणी तसं होतं का, तेही. नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी बायपोलरच्या माणसाला तेजी चढू शकते. तुमच्या भावाला गोळीने चढली की ती येणारच होती, हे आता मागे वळून कोणी सांगू शकणार नाही. त्या वादात पडू नका.

दुसरं नाव, सायकोसिस. कानात आवाज येणं, टीव्हीवर आपलंच बोलणं ऐकू येणं, या अवस्थेला तो शब्द आहे. ताप म्हटल्यावर मलेरिया की टायफॉइड हे ठरत नाही, तसंच हे. रात्री तातडीने आणलेल्या, चार दिवस न झोपलेल्या पोराला बघून तेवढंच लिहिणं बरोबर होतं.

तिसऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर आधीचे दोन्ही कागद होते, म्हणून त्यांना चढ आणि उतार एकत्र दिसले. निदान तिथे झालं. आमच्याकडे लोक गोळ्यांची रिकामी पाकिटं प्लास्टिकच्या पिशवीत भरून आणतात आणि चिठ्ठ्या घरी ठेवतात. उलटं करा. आणि एका कोऱ्या कागदावर लिहून आणा: केव्हा गप्प झाला, केव्हा तेजीत आला, त्या वेळी कोणती गोळी चालू होती. तारीख आठवत नसेल तर ‘आखाजीच्या सुमारास’, ‘कांदेबाग लावली तेव्हा’, ‘बाग निसवत होती तेव्हा’ असं लिहा. मला ते पुरतं. एमआरआयपेक्षा हा कागद जास्त कामाचा. आमच्या बहुतेक आजारांचं नाव रक्ताच्या तपासणीत किंवा मेंदूच्या फोटोत सापडत नाही. थायरॉइड, बी-12, साखर आम्ही तपासतो ते दुसरं काही लपलेलं नाही ना, एवढ्यासाठी.

अंदाजपंचे म्हणाल, तर या आरोपाचा इतिहास आहे. 1970 च्या सुमाराला न्यूयॉर्क आणि लंडनमधल्या डॉक्टरांची तुलना झाली. त्यांना रुग्णांच्या मुलाखतींची तीच चित्रफीत दाखवली, तरी न्यूयॉर्कचे डॉक्टर सर्रास स्किझोफ्रेनिया (भास आणि संशयांचा लांबणारा आजार) म्हणायचे आणि लंडनचे त्यातल्याच काहींना तेजी-मंदीचा आजार म्हणायचे. रुग्ण तेच, फरक डॉक्टरांच्या सवयीत. त्यानंतर 1980 मध्ये अमेरिकेत लक्षणांची आणि मुदतीची पक्की यादी असलेलं निदानाचं पुस्तक आलं. तेजी किमान आठवडाभर टिकली पाहिजे, हे त्यात लिहिलेलं असतं. पुस्तकाने गोंधळ कमी झाला, संपला नाही. नाव हवं ते एवढ्यासाठी की औषध त्यावरून बदलतं. डिप्रेशन म्हटलं तर एक गोळी, बायपोलर म्हटलं तर दुसरी. उद्या चित्र बदललं तर डॉक्टरांनी नावही बदलावं. न बदलणाऱ्या डॉक्टरची मला जास्त धास्ती वाटते.

आता लिथियम. हा एक साधा क्षार आहे. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरने तेजीच्या रुग्णांना देऊन पाहिला, आणि आजही बायपोलरवर त्याच्या तोडीची औषधं मोजकीच आहेत. आत्महत्येचं प्रमाण लिथियमवर कमी राहतं असं अनेक अभ्यासांत दिसलंय, आणि माझ्यासाठी ही बाब लहान नाही. अडचण अशी की कामाची मात्रा आणि त्रासाची मात्रा यांत अंतर थोडं. रक्तात साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रतिलिटर ठेवायचं असतं, 1.5 च्या वर गेलं की विषबाधा धरायची. म्हणून रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी न घेता रक्त द्यायचं. मात्रा बसेपर्यंत दर आठवड्याला, मग पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी, पुढे डॉक्टर सांगतील तसं. सोबत थायरॉइड, किडनी, कॅल्शियम. वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींची किडनी मंदावते, हे खरं आहे, त्याहून अधिक जणांचा थायरॉइड मंदावतो. तपासणी वेळेवर असेल तर ते लवकर कळतं आणि सावरता येतं. पाहुण्यांनी किडनीचं सांगितलं, तपासणीचं सांगितलं नसेल.

उन्हाळ्याचं तुम्ही विचारलंत, हे फार बरं केलंत. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की किडनी मीठ धरून ठेवते, आणि त्याच्याबरोबर लिथियमही. मात्रा तीच, पण रक्तातली पातळी चढते. त्यामुळे त्याने दुपारी बारा ते चार बागेत जाऊ नये, पाणी आणि मीठ घातलेलं ताक पोटात जात राहावं, निर्जळी उपास करू नये, आणि कोणी सांगितलं म्हणून जेवणातलं मीठ एकदम तोडू नये. कंबर दुखली म्हणून मेडिकलवरून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नका, त्यांनी पातळी वाढते. पॅरासिटामॉल चालेल. जुलाब-उलट्या, हात जोरात थरथरणं, बोलणं अडखळणं, चालताना झोक जाणं, यातलं काही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. बोटांची बारीक थरथर पुष्कळांना असते, तिला घाबरू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणखी एक गोष्ट चिठ्ठीवर कोणी लिहीत नाही. शेतीची लाइट रात्रीची असते त्या आठवड्यात मोटार चालू करायला त्याला पाठवू नका. बायपोलरमध्ये दोन-तीन रात्रीचं जागरण तेजीला आमंत्रण ठरतं. तुम्ही जा, नाहीतर गडी पाठवा. तो आपणहून झोप कमी करून ताजातवाना दिसायला लागला, तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

किती दिवस? हा हिशोब महिन्यांचा नाही, वर्षांचा आहे. पुढे कधी बंद करायचं ठरलंच तरी एकदम नाही. तीनेक महिने घेऊन हळूहळू, कारण अचानक तोडलं की तेजी उलटते. आप्पांना पुढच्या भेटीला सोबत न्या. बापाने बाहेर बाकावर बसून राहायचं आणि घरी येऊन न्याय करायचा, हे आपल्याकडे फार चालतं.

प्रश्न : मॅडम, मी 21 वर्षांची, फार्मसीला आहे. पाच महिन्यांपासून डिप्रेशनसाठी एस्सिटालोप्राम 10 मिलिग्रॅम चालू आहे. डॉक्टर म्हणाले होते, डोक्यातलं केमिकल कमी झालंय. आता मोबाइलवर बघितलं की सेरोटोनिनची गोष्टच खोटी निघाली. मला दोन महिन्यांपासून बरं वाटतंय. बंद करू?
– शिरपूर

उत्तर : ‘केमिकल कमी झालं’ ही आमच्या धंद्यातली फार सोपी करून सांगितलेली गोष्ट. 2022 मध्ये लंडनमधल्या जोआना मोनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या संशोधनाचा आढावा घेतला, आणि सेरोटोनिन कमी झाल्यामुळे डिप्रेशन येतं याला भक्कम पुरावा मिळत नाही असं मांडलं. मलाही तो निष्कर्ष पटतो. पण तो आजाराच्या कारणाबद्दल आहे. गोळी काम करते का, हा प्रश्न वेगळा. त्यावर 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 522 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. 21 औषधं, एक लाखाहून जास्त लोक. प्रौढांमध्ये सगळीच औषधं खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक मात्र माफक होता. काहींना भरपूर फायदा, काहींना काहीच नाही. सौम्य डिप्रेशनमध्ये मी स्वतः आधी समुपदेशन, झोप आणि दिनक्रम यांवर भर देते, गोळीची घाई करत नाही.

तू फार्मसीची आहेस, म्हणून हिशोब सांगते. मुदत पहिल्या गोळीपासून धरायची नाही, पूर्ण बरं वाटल्यापासून निदान सहा महिने धरायची. तुझे दोनच झालेत. नंतर डॉक्टरांशी बोलून मात्रा उतरव, परीक्षेच्या तोंडावर नको. एकदम सोडलीस तर चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं होणं, चिडचिड, विचित्र स्वप्नं असा त्रास होऊ शकतो. तो गोळी अचानक तुटल्याचा असतो. लोक त्याला ‘आजार उलटला’ समजतात किंवा ‘सवय लागली’ म्हणतात.

गोळीने लैंगिक इच्छा कमी होणं, भावना बोथट होणं, असं काही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांग, त्यावर उपाय असतात. पोरी यावर बोलत नाहीत आणि मग गुपचूप गोळी सोडतात. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये गोळी सुरू करताना किंवा मात्रा बदलताना पहिले काही आठवडे जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, यावर लक्ष ठेवावं लागतं. तसं झालं तर रूममेटला उठव आणि 14416 लाव. टेली-मानस, सरकारी सेवा, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात.

प्रश्न : आमच्या सासूबाईंच्या अंगात दर श्रावणात कानबाई देवी येते. नणंदेचा मुलगा शहरात शिकतो, तो म्हणतो हा स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या सुरू करा. खरं का?
– धुळे

उत्तर : रोटांच्या दिवशी, चार बायकांत, गाण्याच्या ठेक्यावर अंगात येतं, घटकाभराने उतरतं आणि सोमवारी विसर्जन करून सासूबाई स्वयंपाकाला लागतात ना? मग काही करू नका. समाजाने मान्य केलेल्या विधीतलं अंगात येणं हा आजार धरायचा नाही, हे आमच्या पुस्तकांतही आहे. एरवीही, एकटीने, नको असताना येऊ लागलं, महिनोन्‌महिने आवाज ऐकू यायला लागले, कोणी विष घालतंय असा संशय, अंघोळ-जेवण सुटलं, तर दाखवा. मग भगताकडेही जायचं असेल तर अंगारा लावा, पण गोळ्या बंद करू नका. कोणी साखळीने बांधा, चटके द्या म्हणालं तर तो महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. भाच्याला म्हणावं, अभ्यास कर.

प्रश्न : वय 58. हे गेले तेव्हा झोपेसाठी अल्प्राझोलाम 0.5 लिहून दिली होती. आठ वर्षं झाली, मेडिकलवाला ओळखीचा आहे, चिठ्ठी मागत नाही. आता विसरायला होतं. एकदा बंद केली तर रात्रभर अंग थरथरलं. काय करू?
– चाळीसगाव

उत्तर : ताई, ही गोळी दोन-चार आठवड्यांसाठी असते. आठ वर्षांनी ती एकदम तोडायची नाही, झटके येऊ शकतात. डॉक्टर बहुधा हळू उतरणाऱ्या दुसऱ्या गोळीवर आणतील आणि काही महिन्यांत थोडी थोडी कमी करतील. मधल्या काही रात्री वाईट जातील, तेवढ्यावरून परत जुनी मात्रा घेऊ नका. विसरण्यात गोळीचा हात असू शकतो, पण थायरॉइड आणि बी-12 बघून घ्या. रात्री लघवीला उठताना दिवा लावून उठा, या गोळीवर तोल जाऊन खुबा मोडलेल्या बायका मी पाहते. अल्प्राझोलाम 2014 पासून एच-वन यादीत आहे. दुकानदाराने चिठ्ठी बघून रजिस्टरमध्ये नोंद केल्याशिवाय ती विकायची नाही. तुमच्या ओळखीच्या माणसाला हे माहीत आहे.