कारचा क्लच जड झालाय आणि कुरकुरतोय, तेल सोडू का?

वरून तेल अजिबात सोडू नका. क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची जड चकती, कोरडेच हवेत. तेलाचा अंश लागला तरी प्लेट घसरते, गाडी उचलताना थरथरते. मग गगनबावड्याचा घाट चढायचं विसरा, प्लेटच बदलावी लागते.

आधी पेडलची पिन बघा. पावसाळ्यानंतरची कुरकुर बरेचदा तिथलीच असते, चिमूटभर ग्रीस पुरतं. केबल जड झाली असेल तर सरळ बदला. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या केबलला तेल नकोच असतं.

बाकी ग्रीसिंग गिअरबॉक्स उतरवल्यावरच होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम टाकलंत तर मेस्त्रींजवळ उभे राहा. क्लच प्लेट ज्यावर बसते त्या गिअरबॉक्सच्या दांड्याच्या, म्हणजे इनपुट शाफ्टच्या, खाचा ब्रशने साफ करायच्या, उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा, प्लेट एकदा मागे-पुढे सरकवायची आणि बाहेर आलेलं सगळं ग्रीस पुसायचं. हे पुसणं टाळू देऊ नका. पेडल दाबल्यावर रिलीज बेअरिंग पुढे ढकलणारा फोर्क जिथे टेकतो तिथेही थोडं ग्रीस लावायचं. हे रिलीज बेअरिंग सीलबंद असतं, ते पेट्रोलने धुवायचं नाही.

केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक क्लच असेल तर त्याच्या तेलाच्या डब्याच्या झाकणावर लिहिलेलंच ब्रेक ऑइल घाला.