माल जहाजात असताना ड्यूटी वाढली, तर?

प्रश्न : मी चीनहून लेथसाठी कार्बाइड इन्सर्ट मागवून उद्यमबागेतल्या वर्कशॉपना पुरवतो. माल वाटेत असताना ड्यूटी वाढली तर फरक मीच सोसायचा का? बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टम्सकडे भरायचं विवरण) आगाऊ भरली की जुना दर मिळतो, असं एक ओळखीचे सांगतात.
– एक वाचक, शहापूर (बेळगाव)

उत्तर : त्या ओळखीच्यांबरोबर चहा खुशाल घ्या, हा सल्ला मात्र घेऊ नका. कस्टम्स कायदा १९६२, कलम १५ : बिल ऑफ एंट्री भरल्याच्या दिवशीचा दर लागतो; पण ती जहाजाच्या आधी भरली असेल, तर जहाजाला 'एंट्री इनवर्ड', म्हणजे माल उतरवायची कस्टम्सची परवानगी, मिळाल्याचा दिवस धरतात. तुम्ही पैसे कधी पाठवले, जहाज कधी सुटलं, याला काडीची किंमत नाही. बिल वेळेत भरा, नाहीतर उशिराचा भुर्दंड पडतो. दर मात्र त्यानं गोठत नाही.

आता फरक किती, ते बघा. समजा माल ४ लाखांचा आणि ड्यूटी साडेसातची दहा टक्के झाली. ड्यूटी १०,००० नं वाढली, तिच्यावर दहा टक्के सरचार्ज, म्हणजे आणखी १,०००. हे ११,००० गेले ते गेलेच. वर १८ टक्के आयजीएसटीचे १,९८० वाढतात. ते क्रेडिटमधून वळते होतात, पण तोवर अडकतात.

हे गिऱ्हाइकाकडून घेता येतात का? येतात. माल विक्री कायदा १९३०, कलम ६४ए : सौदा ठरल्यानंतर ड्यूटी वाढली तर विकणाऱ्याला ती किमतीत धरता येते. कमी झाली तर घेणारा तेवढी कापून घेतो, तेही लक्षात असू द्या. फक्त सौद्यात उलट काही लिहिलेलं नसावं. आणि मी नेमकं तेच लिहून बसलो होतो! बेअरिंगच्या कोटेशनवर ऐटीत 'दर पक्का, कोणत्याही कारणाने बदलणार नाही' असं टाकलं. फेब्रुवारीत बजेट आलं, माल समुद्रात. गिऱ्हाइकानं माझाच कागद माझ्यापुढं धरला. काय बोलणार? तेव्हापासून कोटेशनच्या तळाशी एकच ओळ असते : 'ड्यूटी कस्टम्समधून माल सुटताना लागू असेल त्याप्रमाणे, फरक दोन्ही बाजूंनी.' पहिल्यांदा कुरकुर झाली, मग सवय झाली. तुम्हीही तोंडी सौदे करू नका. तिसऱ्या गेटजवळ उभ्या उभ्या ठरलेला दर कोर्टात कुणाला आठवत नाही.

बाँडमध्ये, म्हणजे ड्यूटी न भरता कस्टम्सच्या परवान्याच्या गोदामात, माल ठेवायचा विचार असेल, तर तिथं माल बाहेर काढायचं बिल भराल त्या दिवशीचा दर लागतो. दर उतरेल म्हणून थांबणं हा जुगारच. गोदामाचं भाडं चालू राहतं आणि ९० दिवसांनंतर व्याजही. लहान माणसानं त्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

चीनऐवजी कोरियाचा मालही बघता येईल. कोरियाशी २०१० पासून ड्यूटीत सवलतीचा करार आहे, तिकडचा दर विचारून बघा. पण माल तिथला असल्याचं नुसतं सर्टिफिकेट पुरत नाही. २०२० च्या नियमांनुसार माल खरोखर तिथलाच आहे याची माहिती आयातदारानं स्वतःजवळ ठेवायची असते. ऑर्डर द्यायच्या आधीच ती पुरवठादाराकडून मागून घ्या. पैसे पोचले की उत्तरं यायची थांबतात.