घरी गाणं रेकॉर्ड करायला स्वस्तातला माइक प्रीॲम्प कोणता घ्यावा?

तुमचा शुअर एसएम58 माइक थेट लॅपटॉपच्या जॅकमध्ये घातलाय, आवाज बारीक येतो, म्हणून प्रीॲम्प, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं यंत्र, शोधताय. वेगळा घेऊच नका. तो घेतला तरी वर इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपपर्यंत नेणारा डबा) लागतोच, आणि इंटरफेसमध्ये प्रीॲम्प आधीच असतो. फोकसराइट स्कारलेट सोलो या इंटरफेसची चौथी आवृत्ती 57 डीबी (डेसिबल) गेन, म्हणजे आवाजाची वाढ, देते. तोंड माइकपासून चार बोटांवर ठेवलंत की गायला पुरतं. शुअरचाच एसएम7बी माइक मात्र निदान 60 डीबी मागतो, तिथे हा कमी पडेल.

मी गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर गातो. गेन शेवटपर्यंत पिळला की आधी पंखा ऐकू येतो, मग खालचा भाजीवाला. प्रीॲम्प कितीही महाग घ्या, भाजीवाला राहणारच! म्हणून पंखा बंद, पाठीमागे आजीची गोधडी टांगलेली, आणि सगळ्यात चढ्या सुरालाही रेकॉर्डिंगच्या मीटरवर पातळी उणे 12 डीबीच्या आसपास. 24 बिट रेकॉर्डिंगला एवढी भरपूर झाली.

पुढे कंडेन्सर माइक घेतलात तर 48 व्होल्ट फँटम पॉवर (वायरीतूनच माइकला मिळणारी वीज) लागेल, ती सोलोमध्ये आहे. फक्त वायर लावता-काढताना ती बंद ठेवा.