तत्रीज आणि आपली तर्ज

प्रश्न आला आहे: पॅलेस्टाइनच्या बायका पायघोळ झग्यावर, म्हणजे थोबवर, जे ‘टॅट्रीझ’ करतात त्याला मराठीत भरतकाम म्हणावं की कशिदा?

आधी ते ‘टॅट्रीझ’ सोडा. अरबी शब्द रोमन लिपीतून उचलला की असा ट घुसतो. तत्रीज म्हणा, शेवटचा ज मेजातला, राजातला नव्हे. आणि हल्ली कानावर येणारी ‘तत्रीज प्रिंटची कुर्ती’ तर चूकच. तत्रीज म्हणजे सुईदोऱ्याने भरणं. छापलेलं कापड तत्रीज कसं होईल? २०२१ साली युनेस्कोने वारसा म्हणून नोंदवली ती या हातांची कला, नक्षीचा छाप नव्हे.

आता खरी गंमत. याच कुळातला तिराज. खलिफांच्या काळी मानाच्या वस्त्राच्या बाहीवर खलिफाच्या नावाची पट्टी विणत किंवा भरत, तो तिराज. ती जिथे बनते तो कारखानाही तिराजच. मूळ फारसी, सजवण्याच्या अर्थाचं. त्याच कुळातला तर्झ, म्हणजे धाटणी, आणि तोच आपल्याकडे तर्ज होऊन आला. भजनाच्या पुस्तकात कवनावर ‘तर्ज’ लिहून जुन्या गाण्याचं नाव छापतात ना, ती तर्ज! काही जण तर्ज आणि तऱ्हा एकच समजतात. साफ चूक. तऱ्हा आली ‘तर्ह’वरून, म्हणजे टाकणं, मांडणं; तिथे शेवटी ह आहे, ज नाही. दोन वेगळी मुळं बांधून एक मोळी करू नये.

तर्ज हा शब्द तत्रीजला किती चपखल बसतो पाहा. १९४८पूर्वी बाईच्या थोबवरून तिचा मुलूख, पुष्कळदा गावही कळे. रामल्लाचा पांढऱ्या कापडावर लाल दोरा. बेथलेहेमला रेशमी-जरीचा गोफ कापडावर वळणावळणाने मांडून टाचत. याफाजवळचं बैत दजन भरतकामासाठी नावाजलेलं; १९४८च्या युद्धात ते गाव रिकामं झालं, पण त्याची तर्ज निर्वासितांच्या छावण्यांत गेलेल्या बायकांच्या बोटांत राहिली. पुढे १९८७नंतरच्या इंतिफादात, म्हणजे इस्रायलविरुद्धच्या उठावात, पॅलेस्टाइनचा झेंडा फडकवायला बंदी, तर बायकांनी झेंड्याचे रंग आणि देशाचा नकाशा छातीवरच भरला. बाहीवर खलिफाचं नाव मिरवणारा तिराज इथे देशाचं नाव मिरवू लागला, असं मी मानतो.

अजून एक. इटालियनमध्ये भरतकामाला रिकामो म्हणतात. तो अरबी ‘रकम’वरून आला: खूण करणं, लिहिणं, कापडावर भरणं. आपली बँकेतली रक्कम त्याचीच बहीण. तत्रीजही अखेर मोजणीच. फुलीचा टाका, म्हणजे क्रॉस स्टिच, कापडाचे धागे मोजून घालायचा. नक्षीतलं सुरूचं झाड एका फुलीने चुकलं की पुढची रांग बसत नाही.

हां, भरतकाम की कशिदा? भरतकाम चालेल, पण मी कशिदा म्हणेन. फारसी ‘कशीदन’ म्हणजे ओढणं. मखमलीवर धागे मोजता येत नाहीत, म्हणून वर जाळीचं कापड टाचून त्यावर फुल्या घालतात. काम झालं की जाळीचा एकेक धागा चिमटीत धरून ओढून काढायचा. खाली नुसती नक्षी उरते.

नाव मात्र तत्रीजच लिहा. पैठणीला आपण कुणाला ‘रेशमी साडी’ म्हणू देतो का?